डाव्या कुशीच्या बायका

११ जानेवारी

लिही. "आजपासून मी दैनंदिनी सुरू केली." हसू नकोस, लिही.

त्याचं असं झालं. माझी नात डॉक्टरकी शिकते, तिसरं वर्ष. कॉलेजात तिला सांगितलंय की रुग्ण जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं, मध्ये आपली अक्कल पाजळायची नाही. तो म्हणाला 'पोटात कालवतंय', तर 'कालवतंय'च लिहायचं. हिला ते जमत नाही. समोरच्याचं 'कालवतंय' पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत ही त्याला इंग्रजी नाव ठेवून मोकळी होते. मी म्हटलं, मग सरावाला मला धर. मला लिहिता येत नाही, तुला ऐकता येत नाही, आंधळ्या-लंगड्याची जोडी बरी जमेल. मी बोलायचं, तिनं लिहायचं, आणि एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

वर तिचं अक्षर आत्ताच डॉक्टरचं आहे. पुढे कुणाच्या बापालाही वाचता येणार नाही. म्हणजे मला सुनेबद्दलही मोकळेपणी बोलता येईल.

"आजी, हेपण लिहू?"

अगं, हेपण.

१९ जानेवारी

नातीनं संशोधन घेतलंय. नुसतं शिकून आता भागत नाही म्हणे, शिकता शिकता शोधही लावावा लागतो. विषय काय, तर म्हाताऱ्या बायकांची झोप. कधी लागते, कधी मोडते, मध्ये किती वेळा उठावं लागतं, कुठल्या कुशीवर लागते आणि कुठल्या कुशीवर लागत नाही.

मी म्हटलं, म्हाताऱ्या झोपत नाहीत हे कळायला एवढं मोठं कॉलेज कशाला? आपल्या जिन्यात उभी राहून हाक मार, सगळ्या जाग्याच आहेत.

ती म्हणाली, "आजी, सगळ्यांना माहीत असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं."

हे मला आवडलं. लिही, आवडलं म्हणून.

तिला वाट दाखवणारे एक मोठे सर आहेत. हृदयाचे डॉक्टर. माणूस सज्जन आहे म्हणते, फक्त सापडत नाही.

२ फेब्रुवारी

आज पोरगी घरात आली ती उड्या मारतच. वॉर्डातल्या बायकांशी पहिल्यांदा बोलली. एक बाई उशीखाली रेडिओ लावून झोपते, बंद केला की जागी होते. दुसरी म्हणाली, मी झोपत नाही, मी फक्त डोळे मिटून हिशेब करते. नातीनं दोघींचं जसंच्या तसं लिहून आणलं आणि मला वाचून दाखवलं. मग म्हणाली, "आजी, ती हिशेबवाली आहे ना, तिनं माझा हात सोडलाच नाही. म्हणाली, इथं इतके जण येऊन जातात, पण झोपलीस का असं कुणी विचारलं नव्हतं."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "हातपाय धू आधी. वॉर्डातून आलीयस."

आमच्या सुनेला आनंदाचं वावडं नाही, पण तो स्वच्छ पाहिजे.

२६ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. पोरीला वेळ नाही, मला विषय नाही.

शंभर बायका हव्यात. मिळाल्यात त्याच्या पाव. सकाळी गेली तर नर्स ओरडते, आत्ता नको, साफसफाई चाललीय. दुपारी गेली तर बायका घरी सोडलेल्या. संध्याकाळी गेली तर नातेवाईक विचारतात, तुम्ही खऱ्या डॉक्टर आहात का? आणि मोठ्या सरांच्या दारात तर तिनं मुळंच धरलीत. सर राउंडला, सर मीटिंगला, सर जेवायला. एकदा भेटले, तेही चालता चालता. म्हणाले, "छान, छान. परिषदेच्या आधी संपव. आकडा भरायला हवा."

बरोबरची मुलं काय करतात विचारलं. तिनं वहीचा कोपरा दुमडला. मग म्हणाली, कॅन्टीनमध्ये बसून भरतात.

काय भरतात?

"बायका," ती म्हणाली.

मला विनोद कळला नाही, पण हसले.

१४ मार्च

आज सून लिहितेय. अक्षर चांगलं आहे, त्यामुळे मी जपून बोलते.

पोरगी ताटावर बसते आणि उठते. केस गळतायत, मोरीच्या जाळीत गोळा सापडतो. परीक्षा तोंडावर, त्यात दिवसभर वॉर्ड, त्यात हे संशोधन. सून म्हणते, सोडून दे म्हणावं. मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "आजी, मध्ये सोडलं तर सर पुढे कुठंच शिफारस करणार नाहीत. आणि त्या बायका? त्यांनी मला सांगितलं ते काय उगाच?"

सून लिहिताना थांबलीय. अगं, रडायला काय झालं? शाई फुटेल.

२३ मार्च

आज मजा आली. नात माझ्या पलंगावर येऊन बसली, मांडीवर प्रश्नांचे कागद. म्हणाली, "आजी, समजा."

काय समजू?

"समजा तू भाजी विकतेस. सकाळी लवकर उठतेस. वय तुझ्याहून थोडं कमी. तुला झोप कशी लागेल?"

मी म्हटलं, भाजीवालीला झोप लागते, पण एक कान बाजारात असतो. रात्रभर तिचे हात भाजी निवडत असतात. ती लिहीत गेली. किती वेळा जाग येते? दोनदा. कुठल्या कुशीवर झोप लागत नाही? डाव्या.

मग समजा मी शाळेतून निवृत्त झालेली बाई. मग समजा मी बसच्या ड्रायव्हरची बायको, नवरा अजून झोपेत गिअर टाकणारा. मी अशा रंगात आले की सून दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो आई, नाटकात जायला हवं होतं तुम्ही."

मी म्हटलं, लग्न करून तुझ्या सासऱ्यांच्या घरी आले, ते काय कमी नाटक होतं?

आज ही किती दिवसांनी पोटभर जेवली.

२७ मार्च

परत समजा. आज मी एकदम पुष्कळ बायका झाले. एक धुणीभांडी करणारी, एक श्रीमंत, एक बहिरी. श्रीमंतिणीला मी मुद्दाम अजिबात झोप दिली नाही.

कुशीचा प्रश्न आला की मी आपली म्हणते, डावी. नात एकदा म्हणाली, "आजी, एखादीला उजवी दे ना." मी म्हटलं, उजव्या कुशीवर झोप न लागायला काय झालं? उजवीकडं खिडकी आहे. डावीकडं यांचा पलंग होता. इतकी वर्षं तिकडून घोरणं ऐकलं, शिव्या घातल्या. आता तिकडं तोंड केलं की कानात शांतता जाऊन बसते, काही केल्या निघत नाही.

"हे लिहायला कागदावर जागा नाही," ती म्हणाली. "नुसती डावी, उजवी, दोन्ही. खूण करायची."

मग कर खूण.

तिनं केली. पण मी पाहिलं, तिचा हात जड झाला होता. थकली असेल. एवढ्या बायकांचं ऐकायचं म्हणजे.

९ मे

परीक्षा झाली. संशोधनाचा आकडाही भरला. मी विचारलं, कशा मिळाल्या गं एवढ्या बायका? ती म्हणाली, "मिळाल्या." आणि पाणी प्यायला उठली.

२ जून

आज घरात मोठी बातमी. मोठे सर स्वतः सापडले! त्यांनी नातीला खोलीत बोलावून खुर्ची दिली. तिच्या कागदांत त्यांना काहीतरी दिसलं. अर्ध्याहून जास्त बायकांना डाव्या कुशीवर झोप लागत नाही. सर म्हणाले, हृदय थकायला लागलं की माणूस डावी कूस टाळतो, पण इतक्या जणी, इतक्या आधी, हे कुणी पाहिलेलं नाही. इतक्या लहान मुलीनं केलेलं इतकं चोख काम आपण पाहिलं नाही, असंही म्हणाले.

आणि माझ्या मनात काय आलं, ते लिही. इतकी वर्षं मला वाटायचं, हे माझं एकटीचंच वेड आहे. कुणाला सांगितलं नाही, लोक म्हणतील म्हातारी नवऱ्याला धरून बसली. आणि जगात एवढ्या जणी! भिंतीपलीकडं कुणीतरी खोकलं की एकटीला जसं बरं वाटतं, तसं झालं. मी एकटी नव्हते.

पोरी, लिहीत का नाहीस? माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर तुझ्याही यायलाच हवं असं काही नाही.

२० जुलै

परिषद झाली. नातीचा कागद भिंतीवर लावला होता, दाराएवढा. त्यावर तिचं नाव पहिलं, सरांचं शेवटी. बक्षीस मिळालं. सुनेनं प्रमाणपत्र चौकटीत घातलं आणि बाहेरच्या खोलीत लावलं. नातीनं ते काढून कपाटामागं ठेवलं. सुनेनं परत लावलं. सध्या हा खेळ चालू आहे.

मी काही गप्प बसणारी नाही. जिन्यात, दुकानात, सगळीकडं सांगून आले. शिवणवालीला तर दोनदा सांगितलं. शिवणवाली म्हणजे खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण. डोळ्यांनी अधू झाली तरी काज अजून तीच करते, बोटांनी चाचपून. ती म्हणाली, "अगं ए म्हातारे, बक्षीस पोरीला मिळालं आणि मिरवतेस तू!"

मी म्हटलं, थोडं माझंही आहे. सरावाला मीच होते.

११ ऑगस्ट

सरांनी दवाखान्यात नवीन रांग सुरू केली. डाव्या कुशीवर झोप लागत नाही असं जी म्हातारी सांगेल तिला वेगळं बसवतात, लगेच आत घेतात, छातीचा आलेख काढतात आणि एक बारीक गोळी देतात. शरीरातलं जास्तीचं पाणी उतरतं, हृदयावरचा भार कमी होतो. पुढचा अभ्यास म्हणे. नातीनं हे जेवताना सांगितलं, भिंतीकडं बघत.

सून म्हणाली, "बघ, तुझ्यामुळं किती जणींचं भलं होणार."

पोरगी उठून आत गेली आणि तिला उलटी झाली. बाहेरचं खाते, दुसरं काय.

१८ ऑगस्ट

शिवणवालीला हल्ली चालताना धाप लागते. मागे दवाखान्यात गेली तर दिवसभर बसवलं आणि संध्याकाळी उद्या या म्हणाले. मी म्हटलं, तू अगदीच भोळी. तिथं जाऊन एवढंच म्हण, डाव्या कुशीवर झोप लागत नाही.

ती म्हणाली, "पण मला तर लागते. मी पडले की लाकडाचा ओंडका."

मी म्हटलं, मग समज ना, नाही लागत.

२० ऑगस्ट

आत घेतलं! चहा थंड व्हायच्या आत परत आली, असं म्हणते. आलेख चांगला आला, तरी गोळी दिली. खूश आहे. जाताना म्हणाली, "तुझ्या नातीच्या पुण्याईनं नंबर लागला गं."

हे नातीला सांगितलं तर तिचा रंगच उडाला. आल्या पावली खाली गेली. परत आली तेव्हा म्हणाली, शिवणवाली ऐकत नाही, मोठ्या डॉक्टरांनी दिलीय आणि तू अजून शिकतेस म्हणते.

खरंच आहे की ते. तू काय सांगितलंस तिला?



२९ ऑगस्ट

शिवणवाली पडली. त्या गोळीनं सारखं लघवीला उठावं लागतं. सकाळी उठली, डोळ्यांपुढं अंधार आला, मोरीच्या उंबऱ्यावर आडवी झाली. खुब्याचं हाड मोडलं. मी भेटायला गेले तर म्हणाली, "काज राहिलेत गं कुणाकुणाचे." तिचा हात चादरीची कड चाचपत होता.

६ सप्टेंबर

शिवणवाली गेली. पडून पडून छातीत कफ साठला.

आज एवढंच.

८ सप्टेंबर

पोरी, हात थांबवू नकोस. तू मला काल जे सांगितलंस तेच मी बोलणार आहे आणि तू लिहिणार आहेस. माझ्या शब्दांत.

नात म्हणाली, त्या बायका नव्हत्याच. भाजीवाली नव्हती, मास्तरीण नव्हती, बहिरी नव्हती. पहिल्या थोड्या खऱ्या, रेडिओवाली, हिशेबवाली. बाकी सगळ्या माझ्या पलंगावर जन्मल्या. मी त्यांना पोटापाण्याला लावलं, नवरे दिले, आणि सगळ्यांना आपली एकच कूस वाटली. सरांना जो मोठा शोध दिसला तो मी आहे. मी आणि यांचा रिकामा पलंग.

मी तिला ओरडले नाही. ओरडायला तोंड कुठाय? ती समजा, समजा म्हणत होती आणि मला काही समजत नव्हतं. आणि शिवणवालीला 'समज ना' कोण म्हणालं, हेही तू लिही. पूर्ण लिही.

आणखी एक. म्हणजे त्या एवढ्या जणी नाहीतच. जूनपासून मी रात्री डावीकडं वळायचे आणि मनाशी म्हणायचे, चला, सगळ्याच जाग्या आहेत. आता परत मी एकटीच.

१० सप्टेंबर

सुनेला सांगितलं. तिनं आधी दार लावलं. मग नातीला म्हणाली, "कुणापाशी बोलू नकोस. कॉलेजातून काढतील. एवढी वर्षं कुणासाठी खपले मी?" मग तिलाच रडू फुटलं. तीही बरोबर आहे. ह्या घरात सध्या सगळेच बरोबर आहेत.

मी म्हटलं, मी येते सरांकडं. माझंच पीक आहे, मीच कापते.

१२ सप्टेंबर

आज गेलो.  

सरांनी मला उठून नमस्कार केला. खरंच सज्जन माणूस. नातीनं सुरुवात केली, "सर, माझ्या संशोधनातल्या काही बायका..." आणि तिथंच अडली. सर म्हणाले, "अगं, थोड्याफार चुका सगळ्यांच्याच राहतात. कागद छापायला गेला आता. तुझ्यावर ताण आलाय, मला दिसतंय. चार दिवस आराम कर."

मग मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, चुका नाहीत. त्या बायका म्हणजे मी आहे. भाजीवाली मी, श्रीमंत मी, बहिरीसुद्धा मीच. आणि तुमच्या गोळीनं माझी मैत्रीण गेली.

सर माझ्याकडं बघत राहिले. आमचे हे शेवटी शेवटी मलाच 'तुम्ही कोण' विचारायचे, तेव्हा मी यांच्याकडं अशीच बघायची. मग ते नातीला हळूच काहीतरी इंग्रजीत म्हणाले. घरी येताना मी तिच्याकडून अर्थ काढून घेतला. म्हणाले, आजींना असं कधीपासून होतंय?

मग माझ्याकडं वळून मोठ्यानं, मी बहिरी असल्यासारखं, विचारलं, "आजी, कोणी जवळचं गेलं का इतक्यात?"

हो, मी म्हटलं. तेच तर सांगतेय.

"रात्री झोप लागते?"

तुटक तुटक.

"डाव्या कुशीवर लागते का?"

डॉक्टरपुढं खोटं बोलू नये एवढं मलाही कळतं. आणि खोटं बोलायलाच तर आम्ही आलो नव्हतो. मी म्हटलं, नाही. तिकडं नाही लागत.

सरांनी नातीकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. त्यात राग नव्हता, उलट कौतुक होतं, की बघ, घरातच पुरावा आहे. आणि चिठ्ठीवर गोळी लिहिली.

मी नातीकडं पाहिलं. म्हटलं, आता बोलेल. तिचे ओठ हललेसुद्धा. मग ती म्हणाली, "थँक्यू सर," आणि चिठ्ठी घेतली.

लिही. तू म्हणालीस ते लिही. मी तुला बोल लावत नाही. वॉर्डातल्या बायकांशी पहिल्यांदा बोलली तेव्हा ही पोर उशीखाली रेडिओ ठेवणाऱ्या बाईसाठी उड्या मारत होती, तेवढं आठवलं म्हणून सांगते.

बाहेर आलो तर भिंतीला लागून बाकं होती आणि त्यांवर बायका. आमच्याच वयाच्या. कुणी पिशवी मांडीवर धरलेली, कुणी डोळे मिटलेले. ती रांग. मला राहवलं नाही. मी वाकून पहिलीला म्हटलं, बाई, तुम्हाला खरंच डाव्या कुशीवर झोप लागत नाही?

ती शेजारणीकडं बघून हसली. शेजारीण म्हणाली, "तसं काही नाही हो."

मग तसं सांगा ना आत. ती गोळी घेऊ नका, मी म्हटलं. उजवी सांगा. काहीही सांगा.

"उजवीची रांग फार लांब आहे, आजी," ती म्हणाली, आणि मला बसायला जागा करून दिली.

नात पुढं चालली होती. तिनं ऐकलं. पण मागं वळली नाही.